बेदाण्याचं गिऱ्हाईक मेलवर टिकवताना

सांगली-तासगावकडं बेदाणा आणि हळद थेट घरपोच विकणाऱ्यांची पहिली चूक ठरलेली असते: बिलावरचे मेल पत्ते उचलून सरळ यादीत टाकायचे. पत्ता बिलासाठी दिलेला असतो, जाहिरातीसाठी नाही. गिऱ्हाईक 'स्पॅम' दाबून मोकळं होतं आणि जीमेल ते मोजत बसतं. हजार मेल पोचले नि तिघांनी तक्रार केली की झाले ०.३ टक्के. जीमेलची धोक्याची रेषा तीच; राहावं ०.१ च्या खाली.

म्हणून परवानगी दोनदा घ्यायची. फॉर्म भरला की एक मेल जातो, त्यातल्या लिंकवर क्लिक केलं तरच नाव यादीत. काही नावं गळतील. गळू द्या, चुकीचे पत्ते तिथंच चाळले जातात.

फॉर्मवर 'ऑफर मिळवा' असलं मोघम नको. 'नवा माल आला किंवा दर बदलला की कळवू, महिन्याला जास्तीत जास्त दोन मेल' असं लिहा. मग हंगामात रोज मेल आणि पावसाळाभर चिडीचूप, असं करू नका. थेट दिवाळीला मेल गेला तर 'हे कोण?' असंच वाटणार. पावसाळ्यात लिहायला विषय आहेच: दमट हवेत बेदाणा का चिकटतो, हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये का ठेवायचा.

कोल्ड स्टोरेजला माल टनांनी पडलेला आणि मेलमध्ये 'शेवटचे १० किलो' हे तर बंदच करा. त्यापेक्षा असं लिहा:

'या खेपेचा पिवळा बेदाणा दाण्याला जरा बारीक आहे, म्हणून दर कमी. रंगासाठी गंधकाची धुरी दिलेली आहे. धुरी नको असेल तर काळा घ्या, त्याला दिलेली नाही.'

उणीव आधी सांगितली की पार्सल उघडल्यावर भांडण होत नाही.

आता तांत्रिक भाग. दुकानाच्या जीमेल पत्त्यावरून बल्क टूलने, म्हणजे एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्या सेवेतून, पाठवू नका; स्वतःचं डोमेन, म्हणजे दुकानाच्या नावाचा इंटरनेट पत्ता, घ्या. त्यावर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लावा; मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय का, हे तपासायला लागणाऱ्या या नोंदी. दिवसाला ५,००० च्या वर मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून हे सक्तीचं आहे, पण पाचशेच्या यादीलाही लावावंच. हमखास चुकतं ते एसपीएफ, म्हणजे तुमच्या नावानं मेल कुणी पाठवायचा त्याची नोंद. वेबसाइटवाल्याने एक नोंद केलेली असते, मेल टूल दुसरी करायला सांगतं आणि दोन वेगळ्या नोंदी झाल्या की तपासणीच फसते. एकाच ओळीत दोन्ही जोडा.

बाहेर पडायची लिंक एका क्लिकची हवी. लॉगिन मागू नका, नाव दोन दिवसांत काढा.

उघडलेल्या मेलच्या आकड्यावर फार जाऊ नका; मेलमधलं चित्र उतरलं की मेल उघडला असं तो मोजतो. २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप, गोपनीयतेची सोय चालू असेल तर, चित्रं आपोआप आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळं न वाचलेलाही वाचलेला दिसतो. क्लिक, उत्तरं आणि ऑर्डर बघा. सहा महिने यातलं काहीच नसेल, तर एकच ओळ पाठवा: 'अजून मेल हवेत का?' उत्तर नाही आलं, तर नाव काढा.