माझा अनुभव : पाण्याचा नमुना नेमका किती वाजता घेतला?

गोव्यातील फोंडा तालुक्यात जुवारी नदीच्या अंगाला असलेल्या आमच्या खाजनात मासे मरू लागले. त्याची तक्रार देणे, नमुना घेतला जाणे आणि अहवाल हाती पडणे हे सारे दीड महिन्यात उरकले. त्या अहवालावर नमुना घेतल्याची वेळ कोठेच लिहिलेली नव्हती, आणि ती एक वेळ कागदावर आणण्यासाठी मला पुढे सुमारे तीन महिने झगडावे लागले.

ज्यांनी खाजन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल जमीन. आमची मानस म्हणजे बांधात बसवलेले लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की झडपा मिटतात, आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर रेटते तेव्हा त्या उघडतात. मानशीच्या आत पोंय, म्हणजे पाणी साठून राहणारा खोलगट भाग, आहे आणि वरच्या वाड्यांतून येणारा व्हाळ त्या पोंयीत उतरतो. व्हाळाच्या काठी अलीकडे इमारती उभ्या राहिल्या असून त्यांचे सांडपाणी व्हाळात येत असावे, असा आमचा संशय होता. मार्गशीर्षात सलग तीन पहाटे शेवटे आणि काळुंद्रे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसले, आणि उन्हे येईपर्यंत त्यांतले कित्येक उलटे तरंगू लागले. पावणीत, म्हणजे लिलावात, मानशीवरची मासेमारी घेतलेले काका मला म्हणाले, "दुपारी येऊन तुला काय दिसणार? उजाडायच्या आधी ये."

काकांच्या या वाक्यात सारे शास्त्र आहे. पाण्यातील शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि सांडपाणी कुजवणारे जिवाणू असे सगळेच तो वापरत राहतात. त्यामुळे विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण सूर्योदयाच्या जरा आधी सर्वांत कमी असते. त्यात ओहोटी असेल तर नदीचे ताजे पाणी दूर गेलेले असते.

नमुना घेणारी मंडळी आली ती पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, म्हणजे प्रतिपदेला पाऊण वाजता. त्याच दिवशी पहाटे साडेसहाच्या सुमारास ओहोटी होती. पोंयीच्या काठाला चिखल असल्याने त्यांनी बांधावर उभे राहून दोरीने बादली मानशीच्या बाहेर सोडली, जिथे त्या क्षणी जुवारीचे पाणी चढत होते. बादली पाण्यावर आपटली की तीत हवा मिसळते, हेही त्या वेळी कोणाच्या मनात आले नसावे. तक्रार आमच्या व्हाळाची होती आणि तपासली गेली नदी.

अहवालात विरघळलेला प्राणवायू 6.4 मिलिग्रॅम प्रतिलिटर नोंदवला होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मासे आणि वन्यजीवांसाठीच्या डी वर्गाला किमान 4 लागतो, म्हणून शेवटी "निकषांत" असा शेरा होता. वेळेच्या रकान्यात एक आडवी रेघ होती.

मी ज्या सरकारी कार्यालयात गेलो त्याचे नाव येथे देत नाही, कारण माझा राग एका टेबलावर होता आणि त्या टेबलावर आता दुसरे कोणी बसत असेल. तिथल्या बाईंनी मला अत्यंत नम्रपणे सांगितले की अहवालावर सही झाली आहे, आता त्यात काही लिहिता येत नाही. मी म्हटले, "बाई, मला आकडा बदलून नको, फक्त किती वाजता नमुना घेतला तेवढे लिहून द्या." त्यांनी प्रयोगशाळेकडे बोट दाखवले. प्रयोगशाळेत सांगण्यात आले की आमच्याकडे बाटली येते, वेळ घेऊन येण्याचे काम क्षेत्रावर जाणाऱ्यांचे आहे. क्षेत्रावर जाणारे गृहस्थ त्या दिवशी क्षेत्रावर होते. पुढच्या सोमवारी ते भेटले, तेव्हा वेळ आपण कच्च्या वहीत लिहिली होती, ती वही बाईंकडे जमा केली, असे त्यांनी सांगितले. बाईंच्या मते कच्ची वही हा अभिलेख नव्हे. मी चौथ्यांदा गेलो तेव्हा शिपायाने मला पाहताच पंखा लावून खुर्ची दिली, आणि त्या आपुलकीनेच माझा उरलासुरला धीर सुटला.

मग मी माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज केला आणि माझ्या आयुष्यातला एक मूर्खपणा केला. अर्जात मी विचारले की नमुन्याची वेळ का नोंदवली नाही. बरोबर एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले की 2005 च्या कायद्यानुसार उपलब्ध माहिती देता येते, कारणे देण्याची तरतूद नाही. ते उत्तर बरोबर होते, हेच मला सर्वांत जास्त झोंबले. एक महिना मी माझ्याच "का"ने घालवला. कोणी अर्ज करणार असेल तर त्याने प्रश्न विचारू नयेत. कागदाचे नाव लिहून त्याची प्रत मागावी.

दुसऱ्या अर्जात मी दोन कागद मागितले : त्या दिवसाच्या कच्च्या वहीचे पान, ते कार्यालयाच्या लेखी अभिलेख असो वा नसो, आणि त्या दिवशीच्या सरकारी गाडीचे लॉगबुक. ही दुसरी कल्पना एका निवृत्त कारकुनांची. माणसे वेळ विसरतात, पण डिझेलचा हिशेब द्यावा लागत असल्याने चालक ती विसरत नाही, असे ते म्हणाले. प्रत्येक पानाला दोन रुपये याप्रमाणे चार रुपये भरून दोन पाने मिळाली. वहीच्या पानावर पेन्सिलीने "12.20" लिहिले होते. लॉगबुकात गाडी गावात 12.05 ला पोचून 12.50 ला निघाल्याची नोंद होती. ही दोन पाने, भरतीचे वेळापत्रक आणि एक पानी पत्र जोडून मी पहाटेच्या ओहोटीला, मानशीच्या आतून, फेरनमुना घेण्याची मागणी केली. कार्यालयाची वेळ साडेनऊला सुरू होते, असे मला एकदा ऐकवण्यात आले. मग वरच्या साहेबांनी पत्र वाचले आणि पुढच्या अमावास्येची तारीख ठरली.

आधी सांगायला हवे होते ते येथे सांगतो : प्रत्येक कागदाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर इनवर्ड क्रमांक आणि शिक्का घ्यावा. माझ्या पहिल्या तक्रारीवर तो नव्हता आणि त्यापायी एक हेलपाटा वाढला.

फेरनमुन्याच्या दिवशी आम्ही बॅटरी आणि गमबूट घेऊन पाच वाजताच बांधावर होतो. या वेळी बादली आणली नव्हती. काचेची बाटली पाण्याखाली तिरकी धरून, आत बुडबुडा राहणार नाही अशी भरली, आणि तिथल्या तिथे तीत दोन रसायने घातली. पाण्यात प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी गाळ धरतो आणि नसेल तर पांढरा. बाहेरच्या, नदीकडच्या बाटलीत गाळ तपकिरी झाला. पोंयीतल्या बाटलीत तो दुधासारखा पांढरट उतरला. मी काही बोललो नाही. क्षेत्रावर जाणाऱ्या त्या गृहस्थांनी बाटली बॅटरीच्या उजेडात दोनदा फिरवून पाहिली, खिशातून पेन काढले आणि मला विचारले, "किती वाजले?"

बारा दिवसांनी अहवाल आला. पोंयीतला प्राणवायू 0.9 होता. वेळेच्या रकान्यात "सकाळी 6.10" असे छापलेले होते आणि त्याच्या बाजूला, रकाना नसतानाही, कोणीतरी शाईने "ओहोटी" लिहून खाली आद्याक्षरे केली होती. पंचायतीने त्या आधारे व्हाळाकाठच्या इमारतींना नोटिसा काढल्या असून त्यांच्या सांडपाण्याच्या टाक्यांची पाहणी व्हायची आहे. ती पाहणीही सकाळी लवकर, घराघरांतून पाणी सुटते त्या वेळी व्हावी, असा अर्ज मी कालच दिला. त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला आहे.