दहा फुटी भिंतीवर टीव्ही आणि त्याच्या शेजारी दोन मोठे स्पीकर

आमच्या मुलुंडच्या घराचा हॉल दहा फूट रुंद, सोळा फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच आहे. मुंबईत या मापाचे हॉल इतके आहेत की आमच्या घरात जे घडले ते पुष्कळांच्या घरात घडत असणार, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. दोन वर्षांपूर्वी मी पावणेचार फूट उंचीचे टॉवर स्पीकर आणले. तेव्हा ५५ इंची टीव्ही लांब भिंतीवर होता आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला होता. स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, कपाट आणि शोकेस यांच्या मधल्या फटींत उभे राहिले. दिसायला ते सुरेख दिसत होते, पण पहिल्याच संध्याकाळी ढोलकीचा प्रत्येक ठोका एकाच सुरात घुमू लागला आणि संवादांतले शब्द त्याखाली गडप झाले. आईने दोन दिवस सहन केले आणि तिसऱ्या दिवशी टीव्हीचाच आवाज बरा होता असे सांगितले. तिचे म्हणणे खरे होते.

दोष स्पीकरचा नव्हता, हे समजायला मला काही आठवडे लागले. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो आणि समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी बसते, त्या लहरीला ती खोली उचलून धरते. दहा फुटांसाठी त्या लहरीची कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपने, सुमारे ५७ हर्ट्झ येते आणि साडेनऊ फुटांच्या छतासाठी ६० हर्ट्झच्या जवळ. म्हणजे रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे आमच्या हॉलमध्ये एकाच पट्ट्यातला खर्ज, म्हणजे खालचे जाड सूर, दोनदा फुगत होता. शिवाय अशा लहरीचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो आणि आमची डोकी नेमकी भिंतीला टेकलेली होती. सोफा भिंतीला चिकटवून ठेवण्याची आपल्याकडची सवय जागेच्या अडचणीतून आली आहे, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण खर्ज ऐकण्यासाठी त्याहून वाईट जागा हॉलमध्ये फक्त कोपऱ्याची असते.

म्हणून टीव्ही अरुंद भिंतीवर नेण्याचा निर्णय घेतला. इलेक्ट्रिशियनला बोलावून प्लगचा पॉइंट आणि केबल हलवावी लागली, घरात दोन दिवस धूळ झाली, आणि तरीही या सगळ्या खटाटोपात हाच खर्च मला सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो. आता सोफ्यावर मधोमध बसणारा माणूस रुंदीच्या बरोबर मध्यावर येतो आणि तिथे त्या ५७ हर्ट्झच्या लहरीचा दाब जवळजवळ शून्य असतो. पाठीमागे साडेपाच फूट जागा उरली, तिथे जेवणाचे टेबल आले.

त्यानंतर मेजरिंग टेप घेऊन बसलो. समोरचा प्रत्येक स्पीकर बसणाऱ्याच्या सरळ रेषेपासून २२ ते ३० अंशांवर असावा, अशी चित्रपटांच्या ध्वनितंत्रासाठी ओळखल्या जाणाऱ्या डॉल्बी कंपनीची शिफारस आहे. दहा फुटी भिंतीवर दोन स्पीकरच्या मध्यांत सात फूट अंतर ठेवले, तर बाजूच्या भिंती प्रत्येकी दीड फुटावर राहतात आणि टीव्हीची कड व स्पीकर यांच्यामध्ये फुटाहून थोडी अधिक मोकळी जागा मिळते. नऊ फुटांवर बसल्यास हा कोन जेमतेम २१ अंश भरतो. सोफा अर्धा फूट पुढे घेतला की तो २२च्या वर जातो. हा अर्धा फूट कागदावर क्षुल्लक दिसतो, परंतु सोफा पुढे घेतल्यावर वाद्ये टीव्हीच्या चौकटीतून बाहेर येऊन पसरली, हा फरक घरातल्या सगळ्यांनी न सांगता ओळखला. स्पीकर टीव्हीला चिकटवून ठेवले तर दोन स्पीकर असूनही आवाज एकाच ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो, आणि फार दूर नेऊन कोपऱ्यांत कोंबले तर खर्ज पुन्हा फुगतो.

स्पीकरच्या मागच्या भिंतीपासूनचे अंतर हा सर्वांत अवघड भाग होता. स्पीकरमधून निघालेला खर्ज मागेही जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि एका ठरावीक कंप्रतेला मूळ आवाजाला खाऊन टाकतो. माझ्या स्पीकरची खोली चौदा इंच आहे. मागे दहा इंच सोडल्यावर त्यांचा दर्शनी भाग भिंतीपासून दोन फुटांवर येतो आणि ही तूट १४० हर्ट्झच्या आसपास पडते, म्हणजे नेमकी पुरुषी आवाजाच्या पट्ट्यात. ती ८० हर्ट्झच्या खाली, सबवूफरच्या (फक्त खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरच्या) हद्दीत ढकलायची तर दर्शनी भाग भिंतीपासून साडेतीन फुटांहून थोडा अधिक पुढे आणावा लागेल. आमच्या हॉलमध्ये ते शक्य नाही, कारण स्वयंपाकघराची वाट त्याच बाजूने जाते. स्पीकर भिंतीला टेकवणेही योग्य नव्हते, कारण पोर्ट, म्हणजे खर्जाची हवा बाहेर सोडणारे भोक, मागच्या बाजूला आहे आणि त्याला श्वास घ्यायला जागा लागते. दोन फुटांवर ठेवून मागच्या भिंतीवर आवाज शोषणारे जाड पॅनेल लावणे ही तडजोड आहे, पण जाणूनबुजून केलेली आहे.

स्पीकर टीव्हीच्या पडद्याच्या पुढे असावेत, हेही तेव्हाच नीट कळले. स्पीकर मागे राहिले तर पडद्याची सपाट काच आणि टीव्ही युनिटची कड आवाज परतवतात आणि गाणाऱ्याची जागा धूसर होते. म्हणून युनिटही स्पीकरच्या दर्शनी भागाच्या पुढे येणार नाही इतकेच खोल करून घेतले. मुख्यतः संवाद वाजवणारा मधला सेंटर स्पीकर टीव्हीखाली त्या युनिटच्या अगदी पुढच्या कडेला, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा त्याचा छोटा भाग) कानाच्या दिशेने येईल असा किंचित वर कलवून ठेवला. आईची संवादांची तक्रार त्या एका गोष्टीने संपली.

मोठा स्पीकर टीव्हीजवळ ठेवू नये, असे आमच्याकडे अजूनही वडीलधारी माणसे सांगतात. त्यांचा अनुभव खोटा नाही. लहानपणी गिरगावच्या चाळीत आमच्या २१ इंची रंगीत टीव्हीशेजारी काकांनी टेपरेकॉर्डरचा स्पीकर ठेवला आणि पडद्याच्या एका कोपऱ्यात जांभळा डाग पडला, तो मला स्पष्ट आठवतो. त्या टीव्हीच्या काचनळीत चित्र इलेक्ट्रॉनच्या झोताने उमटे आणि स्पीकरचे चुंबक तो झोत वाकवत असे. आताच्या एलसीडी किंवा ओएलईडी पडद्यात असा झोतच नाही, त्यामुळे ती भीती बाळगण्याचे कारण उरलेले नाही.

एक असमतोल मात्र कायम आहे. डाव्या स्पीकरच्या बाजूला सलग भिंत आहे आणि उजव्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारी मोकळी वाट, त्यामुळे डावीकडचा खर्ज जड येत असे. डावीकडे जाड पडदा लावला, पण त्याने फक्त वरचे सूर निवळले; खर्जावर पडद्याचा परिणाम होत नाही. शेवटी रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राच्या) मायक्रोफोनने मोजणी करून डाव्या बाजूचा खर्ज थोडा उतरवला, तेव्हा ते जुळले. टाइल्सच्या फरशीवर सोफ्यासमोर जाड सतरंजी घातली, तिचाही उपयोग झाला.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. खालच्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात. स्लॅबमधून खाली उतरतो तो मुख्यतः खर्जच, म्हणून सबवूफर रबराच्या जाड पट्ट्यांवर ठेवला आहे आणि दहाच्या ठोक्याला तो बंद होतो. रात्रीचा चित्रपट आम्ही दोन टॉवर आणि सेंटर यांवरच हळू आवाजात पाहतो. फरशी पुसताना मावशींना स्पीकर सरकवावे लागतात, त्यासाठी प्रत्येकाच्या चारही कोपऱ्यांशी मास्किंग टेपच्या खुणा केल्या आहेत. आता त्या स्वतःच ते पुन्हा खुणेवर नेऊन ठेवतात.