उणे युरेनियम! (माती-धूळ मोजणी, नोंद सहावी)

माती-धुळीतला किरणोत्सार घरी मोजायच्या माझ्या छंदासाठी जोधपूरहून ताईकडची धूळ आली. आंधीनंतर तिनं गच्ची झाडली, कचरा चाळून काढला आणि श्रीखंडाच्या डब्यात भरून पाठवली. वर चिठ्ठी: "कुरिअरचे पैसे देऊन धूळ मागवणारा भाऊ अख्ख्या मारवाडात दुसऱ्या कुणाला नसेल." सोबत जैसलमेरजवळच्या समची वाळू आहे, ती भाच्यानं सहलीहून आणलेली. तिसरा नमुना आमच्या शिरूरच्या शेतातल्या काळ्या मातीचा, वरच्या पाच सेंटिमीटरमधला.

तिन्ही नमुने १०५ अंशांवर वाळवले, एकाच मापाच्या डब्यांत भरले आणि झाकणं एम-सीलनं बंद केली. मग चार आठवडे हात लावला नाही. नव्या मंडळींसाठी सांगतो: आपला सोडियम आयोडाइडचा क्रिस्टल (गॅमा किरण टिपणारा डिटेक्टर) मातीतलं युरेनियम थेट दाखवत नाही. तो दाखवतो त्याच्या विघटनातून पिढ्यान्‌पिढ्या पुढे झालेली खापरपणतवंडं, म्हणजे गॅमा ऊर्जेच्या पट्टीवर ३५२ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टवरचं शिसे-२१४ आणि ६०९ वरचं बिस्मथ-२१४. मधली पिढी आहे रेडॉन. तो वायू, झाकण सैल असेल तर निघून जातो. त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) ३.८ दिवसांचं, म्हणून चार आठवड्यांनी हिशेब स्थिरावतो.

डबे उघडले नाहीत, तसेच शिशाच्या कवचात ठेवले. शिरूरच्या मातीतून बॅकग्राउंड (नमुना नसतानाची मोजणी) वजा केलं आणि उत्तर आलं उणे. म्हणजे शेतात युरेनियम शून्याहून कमी! दोन रात्री सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. नंतर तारखा बघितल्या. बॅकग्राउंड मोजलं होतं जुलैतल्या मुसळधार पावसाच्या दिवशी, आणि माती मोजली कोरड्या दिवशी. हवेत तरंगणारी रेडॉनची अपत्यं पाऊस जमिनीवर आणून टाकतो. शिसे-२१४ चं अर्धायुष्य २७ मिनिटं, बिस्मथ-२१४ चं २०, त्यामुळे सर थांबल्यावर दोन-तीन तासांत सगळं ओसरतं. पण माझं कवच जेमतेम दोन सेंटिमीटर जाड. बाहेरचे जोरकस गॅमा त्यातून आरपार येतात. आता दर तासाचा वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती गॅमा, याचा आलेख) वेगळा साठवतो आणि पावसाचे तास सरळ टाकून देतो.

एरवी ही चूक लपून गेली असती. पण दख्खनचा काळा पाषाण मुळातच गरीब आहे. पोटॅशियम, युरेनियम, थोरियम तिन्ही कमी, आणि त्याची माती त्याच्याच वळणावर गेलेली. जगभरच्या मातीचे सर्वसाधारण आकडे किलोमागे पोटॅशियम-४० चे ४००, युरेनियमचे ३५ आणि थोरियमचे ३० बेकरेल (सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकरेल) असे धरतात. आमची माती तिन्हींत बरीच खाली आहे. आधी डिटेक्टर स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवायचो, तेव्हा शेतापेक्षा ओटाच जास्त बोलायचा. आता सगळा संसार माळ्यावर हलवलाय. घरात याचं स्वागत झालं.

पोटॅशियमच्या मोजमापासाठी विकतचा स्रोत नको, पोटॅश खत पुरतं. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये निम्मं पोटॅशियम असतं, म्हणजे किलोला सुमारे १५,५०० बेकरेल. १४६१ चं पीक (शेतातलं नव्हे, पोटॅशियम-४० चा आलेखातला उंचवटा) असं उभं राहतं की ऊर्जेची पट्टीही त्याच्यावरच लावतो.

राजस्थानच्या दोन नमुन्यांत पोटॅशियम जवळपास सारखं. थोरियम-साखळीचं २६१४ चं पीक मात्र धुळीत वाळूपेक्षा स्पष्ट उंच. वाळूतल्या क्वार्ट्झच्या कणांत दाखवायला काही नसतं. जे असतं ते चिकणमातीच्या बारीक कणांना आणि झिरकॉनसारख्या खनिजांना चिकटून. गच्चीतलं सिमेंट मिसळलं असेल ही शंका आहेच, त्यामुळे याला निष्कर्ष म्हणत नाही.

आता सगळ्यांनी विचारलेलं, अणुस्फोटांतून पसरणारं सीझियम-१३७. ६६२ जवळ धुळीत किंचित फुगवटा दिसतो, पण ६०९ चा उजवा खांदा तिथपर्यंत पसरतो आणि दिवसा माळा तापला की पट्टी सरकते. मी 'नाही' असंच लिहिलंय. सीझियम दिसलं असतं तरी ते पोखरणचं म्हणायची घाई नको. तिथल्या १९७४ आणि १९९८ च्या चाचण्या भूमिगत होत्या. १९६३ च्या आधीच्या वातावरणातल्या स्फोटांची राख सगळ्या जगावर पडलेली आहे. सहाराचं उदाहरण बघा. फ्रान्सनं १९६० मध्ये रेगानजवळ हवेत स्फोट केले, म्हणून युरोपात येणाऱ्या लाल धुळीतलं सीझियम तिथलंच असणार असं सगळ्यांना वाटायचं. मार्च २०२२ च्या धुळीचे नमुने सामान्य लोकांनी गोळा केले, त्यांतल्या प्लुटोनियमच्या समस्थानिकांचं गुणोत्तर तपासलं, तर ते अमेरिका-सोव्हिएत चाचण्यांच्या राखेशी जुळलं. ती तपासणी आपल्या क्रिस्टलच्या आवाक्यातली नाही. धूळ गोळा करणं मात्र आहे.

म्हणून पुढच्या आंधीला झाडू नको, गच्चीवर स्टीलची परात ठेव, असं ताईला कळवलंय. कोणती परात, यावर सध्या बोलणी चालू आहेत.