कपाटातला प्रोजेक्टर : आमच्या दुकानाची वाटचाल

आमचं दुकान नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले गावात, बाजारपेठेत. मूळचं ते माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं. रेडिओ, टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती. २००९ साली लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मोठ्या डब्याचे टीव्ही हळूहळू जात होते आणि सपाट टीव्ही बिघडला की लोक दुरुस्तीऐवजी नवाच घेत होते. गणपती-नवरात्रात अ‍ॅम्प्लिफायरचं काम भरपूर, बाकी वर्ष ओढाताणीचं. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर. दुकानाच्या एका कोपऱ्यात टेबल टाकून कॉम्प्युटर दुरुस्ती, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म असं सुरू केलं. शाळांशी आमचा संबंध यायचा तो फक्त स्नेहसंमेलनाच्या माइकपुरता.

२२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाचा शासन निर्णय आला. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव डिजिटल शाळा म्हणून तोवर सगळीकडे झालं होतं आणि आपलीही शाळा तशी व्हावी म्हणून गावोगाव लोकवर्गणी सुरू झाली होती. त्या हिवाळ्यात राजूरच्या पलीकडच्या एका द्विशिक्षकी शाळेचे गुरुजी दुकानात आले. यात्रेच्या हिशोबातून उरलेले पैसे, मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी पाठवलेले पैसे, काही घरांतून भाताच्या रूपाने आलेली वर्गणी, असं सगळं मिळून ६२ हजार रुपये एका पिशवीत होते. प्रोजेक्टर, लॅपटॉप, स्पीकर, इन्व्हर्टर आणि १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची बॅटरी. ही आमची पहिली डिजिटल शाळा. उद्घाटनाला बायकांनी प्रोजेक्टरला हळदकुंकू वाहिलं.

पुढच्या ऑगस्टात दुसऱ्या कामासाठी त्या गावात गेलो आणि सहज शाळेत डोकावलो. प्रोजेक्टर लोखंडी कपाटात, स्वच्छ पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवलेला. कुंकू अजून तसंच होतं. चालू केला तर पडद्यावर करड्या डागांची जाळी, भिंगावर बुरशी धरलेली. बॅटरी उन्हाळ्याच्या सुट्टीत चार्जिंगविना पडून मेली होती. मी गुरुजींना जरा चढ्या आवाजात विचारलं, की वापरला का नाही? ते म्हणाले, "ताई, सरकारी असता तर वापरला असता. हा गावाचा आहे. माझ्या हातून बिघडला तर गावाला काय सांगू?"

परतीच्या वाटेवर अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "यंत्र चालतं राहिलं की कोरडं राहतं. हे त्यांना आपण सांगायला हवं होतं." त्या एका वाक्यावर आमचा पुढचा सगळा धंदा उभा आहे. जपून ठेवल्यामुळेच तो प्रोजेक्टर गेला होता, आणि जपून ठेवण्यामागे त्या माणसाचा प्रामाणिकपणा होता. विकून मोकळे झालो होतो ते आम्ही.

तेव्हापासून आम्ही कामाची पद्धत बदलली. आधी अर्थिंग, म्हणजे जादा वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, मग बाकीचं. मे महिन्यातल्या वळवाच्या विजेने एकाच दुपारी आमचे चार इन्व्हर्टर जळाले होते, त्यामुळे शाळेमागे खड्डा खणून कोळसा-मीठ घालून पक्की अर्थिंग झाल्याशिवाय सामान गाडीत भरायचं नाही, हा अण्णांचा नियम. पावसाळ्यात प्रोजेक्टर रोज वीस मिनिटं तरी चालवायचा, मग धडा असो वा नसो. सुट्टी लागताना बॅटरीची जबाबदारी गावातल्या एका घरावर. फिल्टरची धूळ दर शनिवारी ब्रशने झाडायची. आणि वर्षाला तीन हजार रुपयांत आमच्या चार फेऱ्या, बोलावलं नाही तरी. "गॅरंटी असताना हे पैसे कशाचे?" हा प्रश्न आम्ही प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीत ऐकला. पहिल्या वर्षी फक्त तीन शाळा तयार झाल्या.

२०१८ च्या ऑनलाइन बदल्यांनी आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. ज्या गुरुजी-बाईंना आम्ही तयार केलं होतं, त्यांतले निम्म्याहून जास्त एका उन्हाळ्यात दुसऱ्या तालुक्यांत गेले. मग आम्ही आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत सगळ्यांना एकत्र शिकवायला लागलो, आणि शाळेतल्या मोठ्या मुलांनाही. गुरुजी बदलून जातात, पण चौथीचं मूल तिसरीच्या मुलाला शिकवून जातं. ब्रश कसा फिरवायचा, पंखा थांबेपर्यंत मेन स्विच का बंद करायचा नाही, हे मुलं मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळतात.

वर्गात या सगळ्याचा उपयोग काय, हे मला खरं कळलं ते पावसामुळे. पश्चिमेला घाटघरच्या बाजूच्या एका शाळेने आणि अकोल्याच्या पूर्वेच्या एका शाळेने जुलैत पाऊस मोजायचं ठरवलं. बाटली कापून केलेलं साधं पर्जन्यमापक. रोजचा आकडा घाटघरकडचे गुरुजी टॉवर मिळतो त्या माळावर जाऊन फोनवर कळवायचे, आणि दोन्ही शाळांत लॅपटॉपवर तक्ता भरला जायचा. घाटघरला एका दिवसात पडतो तेवढा पाऊस पूर्वेकडे कधी कधी अख्ख्या महिन्यात पडत नाही. पहिल्या आठवड्यात पूर्वेकडच्या शाळेने आपला स्तंभालेख पडद्यावर पाहिला, छान उंच उंच स्तंभ. मग त्यात घाटघरचे आकडे टाकले आणि त्यांचे स्वतःचे स्तंभ खाली जाऊन रेघेसारखे झाले. "आमचा पाऊस कुठं गेला?" एक मुलगी रडवेली होऊन उठली. बाईंनी काही सांगितलं नाही. घाटघरचा एकेक आकडा पुसत गेल्या, परत भरत गेल्या. स्तंभ वर-खाली होत राहिले. दहा-बारा मिनिटांनी तीच मुलगी म्हणाली, "पाऊस तेवढाच आहे, मोजपट्टी बदलली." प्रमाण म्हणजे काय हे फळ्यावर शिकवायला किती तास जातात, हे कोणत्याही गणिताच्या बाईंना विचारा. त्या दिवसापासून तयार कार्टून धड्यांच्या डीव्हीडी विकणं मी बंद केलं. मुलं त्या शांतपणे बघतात, आणि बघून झाल्यावर त्यांच्याकडे विचारायला काही नसतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणत सगळा भार फोनवर आला. जून-जुलैत दुकानात फोन दुरुस्ती, माइक, ट्रायपॉड यांची इतकी विक्री झाली की पूर्वी कधी झाली नव्हती. पण गिऱ्हाईक सगळं बाजारपेठेतलं. पश्चिमेकडच्या वाड्यांत घरात फोन एकच, आणि तो बापाबरोबर नारायणगावला मजुरीला गेलेला. ज्या शाळा आम्ही आमच्या म्हणत होतो, त्यांची मुलं या विक्रीत कुठेच नव्हती. मला रात्री झोप यायची नाही.

जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या पाठांची मालिका सुरू झाली आणि अण्णांनी त्यांची जुनी हत्यारांची पेटी काढली. दूरदर्शनच्या फ्री डिश छत्रीला महिन्याचे पैसे लागत नाहीत. वाड्यावाड्यांवर गंजलेल्या छत्र्या होत्या, बंद टीव्ही होते. सत्तरी ओलांडलेला माणूस मास्क लावून घरांवर चढून छत्र्या फिरवत होता, आणि ज्या वाडीत टीव्हीच नव्हता तिथे समाजमंदिरात एक बसवत होता. धो धो पावसात चित्र जायचंच. म्हणून गुरुजींनी घरी फोनवर चित्रित केलेले पाठ आम्ही पेन ड्राइव्हमध्ये भरून टीव्हीला लावायला दिले. संपत चाललेलं म्हणून मी ज्या कामाकडे पाहत होते, त्याच कामाने त्या पावसाळ्यात आमच्या मुलांपर्यंत शाळा नेली.

१ डिसेंबर २०२१ ला लहान वर्ग उघडले. पहिलीत शाळा सुटलेलं मूल थेट तिसरीत येऊन बसलं होतं आणि त्याला जोडाक्षर ओळखता येत नव्हतं. त्या वर्षी बाईंनी एकच काम मागितलं : मुलं जे बोलतील ते पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसावं. मूल सांगणार, बाई टाइप करणार, मग सगळ्यांनी वाचायचं. एकाने सांगितलं, "आमची म्हैस याली." म्हणजे व्याली. बाईंनी ते तसंच ठेवलं, आणि अख्खा वर्ग ते वाक्य वाचू शकला.

आता बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात, पण नेटवर्क नसलेल्या शाळेत तो चौकोन म्हणजे नुसती नक्षी. आम्ही दुकानात सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवरचे पाठ उतरवून फेरीच्या वेळी शाळेच्या टॅबमध्ये भरतो. सात शाळांत हाताच्या पंजाएवढा रास्पबेरी पाय नावाचा कॉम्प्युटर आणि एक राउटर बसवलाय. त्यात कोलिब्री हे धड्यांचं सॉफ्टवेअर आहे, टॅब त्याला वायफायने जोडले की इंटरनेट न लागता धडे चालतात.

पैशांचं थोडक्यात सांगते. एका संस्थेने अकरा शाळांचं काम करून घेतलं आणि निम्मं बिल आजवर दिलेलं नाही. मुद्रा योजनेतलं 'किशोर' गटातलं कर्ज त्याच अडचणीत घ्यावं लागलं. ते गेल्या वर्षी फिटलं. सेवा करार आज ३८ शाळांचे आहेत आणि दुकानात आम्ही पाच जणं आहोत.

सध्या सगळ्यांना भिंतीवरचा मोठा टच पॅनल हवा असतो. मागच्या महिन्यात एक सरपंच आणि चार माणसं आली, निधी मंजूर होता, दोन पॅनल लगेच हवे होते. मी शाळा पाहून आले. वायरिंग उघडी, अर्थिंग नाही, दोन वर्गांत मिळून चौदा मुलं. मी म्हटलं, एक घ्या, आणि तोही खड्डा खणल्यावर. ते नाराज होऊन गेले, दुसरीकडून भाव काढते झाले असतील असं मला वाटलं. परवा अण्णांच्या फोनवर त्यांचा फोटो आला : शाळेमागे छातीएवढा खड्डा, त्यात उभा एक पोरगा, आणि बाजूला कोळशाची दोन पोती. अण्णांनी फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "मीठ कमी आणलंय. त्यांना फोन लाव."