किंग्स्टनचं पुढचं दार

टोरोंटोहून मॉन्ट्रियलला जाताना ४०१ हायवेवर, साधारण २६० किलोमीटर झाले की किंग्स्टन लागतं. लागतं म्हणजे पाट्या लागतात. एक्झिट ६१७, डिव्हिजन स्ट्रीट. पेट्रोल, कॉफी, स्वच्छतागृह, पाय मोकळे करून पुन्हा गाडीत. थाउजंड आयलंड्स बघायला निघालेली मिसिसॉगा-ब्रॅम्प्टनकडची मराठी कुटुंबंही इथे डबा उघडतात, हात पुसतात आणि पुढे गॅनानॉक्वेला बोटीत बसतात. हायवेवरून दिसतं तेही तसं कुठलंही गाव असावं असंच: मोटारींच्या शोरूम, पसरट दुकानं, त्यांच्याहून पसरट पार्किंग. यात थांबण्यासारखं काय, असं वाटलं तर दोष देता येत नाही. या शहराचं पुढचं दार पाण्याकडे आहे आणि हायवेवाले सगळे परसदारानं येतात.

ऑन्टारिओ सरोवर इथे संपतं, सेंट लॉरेन्स नदी इथून सुरू होते आणि ओटावाकडून आलेला २०२ किलोमीटरचा रिडो कालवाही इथेच पाण्याला मिळतो. मोक्याची जागा म्हणतात ती हीच. म्हणून १८४१ साली नव्या कॅनडा प्रांताची राजधानी इथे आली आणि शहराला स्वप्नं पडू लागली. राजधानीला शोभेल असं भलंथोरलं घुमटवालं सिटी हॉल बांधायला घेतलं, तेही बंदराकडे तोंड करून, कारण मोठी माणसं तेव्हा बोटीनं येत. १८४४ मध्ये इमारत उभी राहत होती, तेवढ्यात राजधानी मॉन्ट्रियलला गेली. घुमट मात्र राहिला. आज सव्वा-दीड लाख वस्तीच्या शहरात तो जरा जास्तच मोठा दिसतो आणि त्यातच त्याची गंमत आहे.

गाडीनं येत असाल तर ६१७ सोडा, आधीचं ६१५ घ्या. सर जॉन ए. मॅकडोनल्ड बुलेव्हार्ड सरळ खाली उतरतो आणि जुन्या तुरुंगाच्या भिंतीपाशी, पाण्याजवळच येऊन थांबतो. तिथून डावीकडे किंग स्ट्रीट धरायचा. उजव्या हाताला सरोवर, डाव्या हाताला क्वीन्स विद्यापीठ, आणि तीनेक किलोमीटरवर सिटी हॉल. ६१७ नं आलात तर तेच सिटी हॉल चार सिग्नल आणि दहा बर्गरची दुकानं ओलांडून, पाठीमागून भेटतं. मिनिटांचा हिशेब जवळजवळ सारखाच आहे. पहिली भेट मात्र वेगळी होते.

एकदा खाली पोचलात की गाडी लावून विसरा. मध्यवर्ती भाग इतका आटोपशीर आहे की गाडी काढून पुन्हा लावण्यात जातो तेवढ्या वेळात चालत पोचता येतं. रस्त्यावरच्या मीटरला तासांची मर्यादा असते, म्हणून दिवसभरासाठी पार्किंगची इमारत किंवा मोकळं पार्किंग बरं. डिसेंबर ते मार्च रात्री रस्त्यावर गाडी ठेवता येत नाही, बर्फ काढणाऱ्या यंत्रांना मोकळी वाट लागते. नातेवाइकांकडे मुक्कामाला आलेले पाहुणे हे हमखास विसरतात आणि सकाळी काचेवर दंडाचा कागद वाचत उभे राहतात.

रेल्वेनं येणाऱ्यांचं दार तर आणखी मागे. टोरोंटोच्या युनियन स्टेशनवरून व्हिया रेलनं अडीच तासांच्या आसपास लागतात. टोरोंटो-ओटावा आणि टोरोंटो-मॉन्ट्रियल या दोन्ही मार्गांच्या गाड्या इथे थांबतात, त्यामुळे गावाच्या मानानं फेऱ्या भरपूर. टोरोंटोच्या उपनगरांत रोज वापरायची गो ट्रेन इथपर्यंत येत नाही, आणि तिकडच्या प्रवासासाठी खिशात असलेलं प्रेस्टो कार्ड इथल्या बसमध्येही चालत नाही. स्टेशन सरोवरापासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. सामान ओढत चालण्याचा विचार नकाशावर बरा दिसतो, प्रत्यक्षात तो हायवेसारख्या रुंद रस्त्याच्या कडेनं चालण्याचा प्रकार होतो. शहराची बस घ्यावी. रोख भाडं द्यायचं तर मोजून सुटे हवेत, चालक मोड देत नाही.

गंमत अशी की एके काळी रेल्वे पार पाण्यापर्यंत यायची. सिटी हॉलसमोर, रस्ता ओलांडला की जी बैठी चुनखडीची इमारत आहे, ती १८८५ चं किंग्स्टन अँड पेम्ब्रोक रेल्वेचं स्टेशन. के अँड पी हे तिचं लघुरूप, लोकांनी त्याचं ‘किक अँड पुश’ केलं. गाडीचा वेग काय असेल ते त्यावरून समजावं. आता तिथे पर्यटन माहिती केंद्र आहे आणि शेजारी वाफेचं एक काळं इंजिन कायमचं थांबलेलं आहे. नकाशा इथूनच घ्यायचा.

सिटी हॉलच्या मागच्या चौकात बाजार भरतो. १८०१ पासून भरतो. मोसमात मंगळवार, गुरुवार, शनिवार, आणि लवकर गेलेलं बरं. जूनमध्ये स्ट्रॉबेरी, ऑगस्टमध्ये मक्याची कणसं. हिवाळ्यात त्याच चौकात बर्फ धरून स्केटिंग चालतं. आजूबाजूच्या बहुतेक जुन्या भिंती राखाडी चुनखडीच्या, १८४० च्या मोठ्या आगीनंतर दगडी बांधकामावर भर आला त्याचा हा परिणाम. सह्याद्रीतल्या काळ्या दगडाची सवय असलेल्या डोळ्यांना हा दगड पहिल्यांदा फिकुटलेला वाटतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा, मग मत बनवा.

आता फेरीबोट. किंग्स्टनमध्ये एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करावी. सिटी हॉलपासून पाच मिनिटांवर, ऑन्टारिओ आणि बॅरॅक स्ट्रीटच्या कोपऱ्यावरून वुल्फ आयलंडला सरकारी फेरी सुटते. तिकीट नाही. माणसाला नाही, सायकलला नाही, मोटारीलाही नाही. फुकट आहे म्हणूनच उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी मोटारींची रांग लांबते आणि एक-दोन फेऱ्या डोळ्यांसमोर निघून जातात. पायी येणाऱ्याला सहसा ही अडचण नसते. धक्क्यावर जा, आणि वर बोलावलं की चढा.

चढल्यावर बहुतेक लोक पुढच्या टोकाला धावतात, बेट दिसावं म्हणून. बेट कुठे पळत नाही. तुम्ही मागच्या टोकाला उभे राहा. धक्का सुटतो, इंजिनाची थरथर कठड्यातून तळहाताला लागते आणि शहर हळूहळू सरळ बसतं. डावीकडे घुमट, त्याच्यासमोर पाण्यातच उभा असलेला गोल दगडी बुरूज, उजवीकडे टेकडीवर फोर्ट हेन्री. मघाशी रस्त्यात दाटीनं उभं वाटणारं सगळं, बांधणाऱ्यांनी जसं दाखवायचं ठरवलं होतं तसं दिसतं. वीसेक मिनिटांचा प्रवास. पलीकडे मेरीजव्हिल नावाचं छोटं गाव आणि मागे पवनचक्क्यांची फौज, एकूण ८६. गावातून पायी फेरफटका मारून पुढच्या फेरीनं परतता येतं. बिग सँडी बेचा वाळूचा किनारा मात्र पायी गाठण्याचा नव्हे. सायकल किंवा गाडी हवी, आणि ती ठेवल्यावरही किलोमीटरभराहून जास्त चालणं आहे. शेवटच्या फेरीची वेळ चढण्याआधी पाहून ठेवा. बेटावर अडकलात तर पोहून येण्यासारखं अंतर नाही.

हिवाळ्यात हे पाणी गोठतं, तरी फेरी चालते. तळाशी नळ्या टाकून त्यांतून हवा सोडतात. पाणी सर्वांत जड असतं चार अंशाला, म्हणून गोठलेल्या थराखाली तळाचं पाणी त्या मानानं उबदार असतं. बुडबुडे त्याला वर आणतात आणि बोटीची वाट मोकळी राहते. त्याच कारणानं त्या वाटेच्या आसपासचा बर्फ फसवा असतो. वरून घट्ट दिसतो, खालून झिजलेला असतो. तिथल्या धोक्याच्या पाट्या शोभेच्या नाहीत.

वाऱ्याबद्दल आधीच सांगायला हवं होतं. सरोवर तीनशे किलोमीटर लांब, आणि नैर्ऋत्येचा वारा त्या लांबीवरून बिनअडथळा धावत येऊन किंग्स्टनवर आदळतो. त्यात उन्हाळ्यात दुपारी जमीन तापली की पाण्यावरची गार हवा आत ओढली जाते. शिडाच्या होड्यांना हे वरदान. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमधल्या नौकानयनाच्या शर्यती इथेच झाल्या. तुम्हाला मात्र जुलैतही फेरीच्या डेकवर विंडचीटर लागेल. मे महिन्यात मॉलच्या पार्किंगमध्ये अर्ध्या बाह्यांत घाम येतो आणि किनाऱ्यावर तेच कपडे अपुरे पडतात.

पोहायचं असेल तर सिटी हॉलपासून पश्चिमेला पाण्याकाठानं चालत जा. वाटेत १८४९ चं वाफेवर चालणारं पाणी उपसा केंद्र आहे, आता संग्रहालय. किलोमीटरभरावर मर्नी टॉवर, १८४६ चा. अमेरिकेशी युद्ध होणार या धास्तीनं असे बुरूज उभारले आणि युद्ध काही झालं नाही. त्याच्या पुढे ब्रेकवॉटर पार्कमधला गॉर्ड डाउनी पिअर, इथल्याच ‘द ट्रॅजिकली हिप’ बँडच्या दिवंगत गायकाच्या नावाचा. पाणी लगेच खोल आहे, जीवरक्षक असेलच असं धरू नका. जोराचा पाऊस झाल्यावर दोन दिवस पाण्यात उतरू नका. जुन्या गटारांत पावसाचं आणि सांडपाण्याचं पाणी एकत्र वाहतं, आणि ती तुंबली की ओसंडून सरोवरात येतात. आणखी एक चकवा आहे: वारा किनाऱ्याकडून आत वाहू लागला की वरचं कोमट पाणी ढकललं जातं, खालचं गार पाणी वर येतं. काल छान होतं म्हणून आज डोळे मिटून उडी मारणाऱ्याची किंकाळी ऐकण्यासारखी असते.

तुरुंग बघायचा तर आधी तिकीट काढा. १८३५ ते २०१३ चालू होता, आता उन्हाळी मोसमात आतून दाखवतात आणि सुटीच्या दिवशी जागा भरतात. तिकीट हुकलं तर समोरच्या संग्रहालयावर समाधान मानायचं, तेही कमी नाही. फोर्ट हेन्री पूर्वेला, कॅटरॅक्वी नदीपलीकडे. तिकडे नेणाऱ्या लासाल कॉजवेवरचा शंभरेक वर्षं जुना उचलता येणारा पूल २०२४ मध्ये दुरुस्ती चालू असताना निकामी झाला आणि पाडावा लागला. त्यामुळे त्या दिवशी वाट खुली आहे ना, हे सकाळीच पाहून घ्यावं. नसली तर उत्तरेला २०२२ अखेरीस उघडलेला वाबान क्रॉसिंग आहे, मोटारीला ठीक, पायी मात्र मोठाच वळसा.

आणि आई-बाबा भारतातून आलेले असतील तर बोटीचं तिकीट काढताना नीट वाचा. थाउजंड आयलंड्सच्या काही सफरी बोल्ट कॅसलला थांबतात, आणि ते बेट अमेरिकेत आहे. भारतीय पासपोर्टवर तिथे पाय ठेवायला अमेरिकेचा व्हिसा हवा. कॅनडाचा व्हिसा कितीही वर्षांचा असला तरी चालत नाही. अमेरिकेत उतरून परत येताना कॅनडाची तपासणीही पुन्हा होते, पण फक्त अमेरिकेतच जाऊन मंजूर मुक्कामाच्या मुदतीत परतलात तर कॅनडाचा एकदाच्या प्रवेशाचा व्हिसाही पुरतो. न थांबता वळसा घालून येणाऱ्या सफरी असतात, त्यांतूनही किल्ला दिसतो. पाण्यावर असताना फोनचं रोमिंग बंद ठेवा, तो अमेरिकेचा टॉवर पकडतो आणि बिल घरी गेल्यावर कळतं.

परतीची गाडी रविवार संध्याकाळची असेल तर स्टेशनची बस आधी बघून ठेवा, रविवारी त्या विरळ असतात. व्हियाची गाडी मालगाडीला वाट देत उशिरा येऊ शकते. त्या भरवशावर आणखी एक कॉफी मात्र घेऊ नका; नेमकी त्या दिवशी ती वेळेवर येते.