एकविसातले वीस दिवस

मार्चमध्येच हिच्या हाताला छातीतली गाठ लागली होती. आमच्याकडे तेव्हा हापूसची तोड सुरू होती. पडवीत पेट्या, गवत, कामाला माणसं. मला सांगितलं ते मेच्या मध्यावर, शेवटची गाडी भरून गेल्यावर. "हंगामात तुमका कित्याक त्रास," म्हणाली. कुणकेश्वरच्या अलीकडे आमचं घर, दीडशे कलमं, त्यावर वर्षाचं पोट. तिनं हिशेब केला आणि दोन महिने गप्प राहिली. हे वाचणाऱ्या एखाद्या बाईला अशी गाठ लागली असेल तर आंबा झाडावर राहू दे, पण आधी दाखवून ये. एवढं मी हात जोडून सांगतो.

हे सगळं 2024 सालचं. परळच्या टाटा हॉस्पिटलात तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला आणि जूनच्या अखेरीस ऑपरेशन. केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेतून बराचसा खर्च निघाला. त्यासाठी कागदांच्या झेरॉक्स घेऊन तीन दिवस रांगेत उभा राहिलो. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलातूनच भरून मिळतो. पेशंटबरोबर जाणाऱ्यालाही तिकिटात सूट असते, हे मला दुसऱ्या फेरीला कळलं. मुंबईत लालबागला मेव्हण्याच्या खोलीत राहिलो.

मग केमो, म्हणजे शिरेतून द्यायची कॅन्सरची औषधं. एकवीस दिवसांनी एक, असे चार डोस, आणि त्यानंतर दर आठवड्याला एक याप्रमाणे बारा. पहिल्या चारांत ते लाल औषध असतं. ते शिरेबाहेर गेलं तर कातडी जाळतं, म्हणून हाताला जरा जरी आग झाली तरी लगेच सांगा, असं नर्सनं दोनदा बजावलं. मी सुईच्या जागेवरून नजर हलवली नाही. दोनेक तासांत सगळं आटोपलं. मला वाटलं, झालं, आता घरी जाऊन आराम.

पण दवाखान्याचा दिवस एकच असतो. उरलेले वीस दिवस घरचे. कुठल्या दिवशी काय होणार ते कुणीतरी डोक्यात ठेवावं लागतं, आणि पेशंटला ते जमण्यासारखं नसतं. माझं काम हे आहे, ते मला पहिल्या फेरीत कळलं नव्हतं. त्याची किंमत हिनं मोजली.

दुसऱ्या दिवशी तुतारीनं कणकवलीला उतरलो. पावसाळी वेळापत्रकात गाडी आणखी सावकाश चालते. लघवी लाल झाली होती, तिला वाटलं रक्तच. औषधाचा रंग आहे, दिवस-दोन दिवसांत जातो, हे आधी सांगितलेलं होतं, पण ऐकलं होतं मी, ती नव्हे. तिसऱ्या दिवसापासून मळमळ. शेजारी बांगडे भाजायला घेतले की ही नाकाला पदर लावून मागच्या पडवीत जाऊन बसायची. "अहो, माका वास येता." जन्म मासळीत गेलेल्या बाईला माशाचा वास नकोसा झाला होता. आईनं त्याच दिवशी सुक्या मासळीचा डबा घराबाहेर, गोठ्याच्या माळ्यावर नेऊन ठेवला. शेजारच्या काकींनाही मी जाऊन सांगितलं, आणि त्यांनी पुढचे कितीतरी दिवस चूल वाऱ्याच्या उलट्या बाजूला, मागल्या दारी मांडली. हे उपकार मी विसरणार नाही.

माझी चूक अशी की मी ताट घेऊन तिच्यासमोर उभा राहायचो. "दोन घास खा, ताकद कशी येईल?" ती रडायची. खाणं तिच्या हातात नव्हतं, आणि मी दोष तिच्या मनाला देत होतो. पुढे उकड्या तांदळाची पेज, आटवल, कुळथाची पिठी, जे असेल ते वाटीभर उशाशी झाकून ठेवायचं आणि तिथून निघून जायचं, असं केलं. गरम जेवणाचा वास येतो, कोमट झालेलं चालतं. स्टीलचा चमचा तोंडाला लोखंडासारखा लागे, म्हणून आईनं करवंटीचा डाव घासून लहान केला. आमसूल चघळल्यावर बरं वाटायचं, पण तोंड आलं की आंबट बंद. तेव्हा मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्याच्या गुळण्या, दिवसातून पाच-सहा वेळा. विहिरीचं पाणी पावसात गढूळ, म्हणून प्यायचं पाणी उकळूनच.

आता नवव्या दिवसाची गोष्ट. केमोनंतर साधारण आठवड्याने पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा ताप 100.4 च्या वर गेला तर वेळ न काढता हॉस्पिटल गाठा, असं डिस्चार्जच्या कागदावर छापलेलं होतं. त्या संध्याकाळी हिचं अंग जरा कोमट लागलं. एका ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पावसातला ताप, गोळी द्या. मी थर्मामीटर न लावता गोळी दिली. अंग गार झालं, आम्ही झोपलो. साडेअकराला तिच्या दातांचा आवाज ऐकून जागा झालो. वीज गेलेली. टॉर्चच्या उजेडात आकडा पाहिला, 101.8. गोळीनं ताप दाबून ठेवला होता आणि त्याखाली चार-पाच तास फुकट गेले होते.

शेजाऱ्यांची गाडी काढली. पाऊस असा की समोरचा रस्ता दिसेना. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर हिचं डोकं. कणकवलीला पोचल्यावर केसपेपर नंतर काढला, आधी मोठ्यानं सांगितलं, "केमोचा पेशंट आहे, नववा दिवस आहे, ताप आहे," आणि टाटाचा कागद पुढे धरला. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तो वाचून लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. रक्ताचा रिपोर्ट आला, पांढऱ्या पेशी 900. निरोगी माणसाच्या चार हजारांच्या वर असतात. पाच दिवस तिथे राहिलो. ती गोळी मी माझ्या हातानं दिली होती, ते अजून आठवतं.

दुसऱ्या डोसपासून पेशी वाढवायचं इंजेक्शन आलं. ते केमोच्या दुसऱ्या दिवशी द्यायचं आणि तोवर थंड ठेवायचं. पण बर्फाला थेट चिकटून गोठलं तर वाया जातं. देवगड बंदरावरून नवा थर्माकोलचा डबा आणला, बर्फ, त्यावर टॉवेलची घडी, त्यावर इंजेक्शन. रात्रभर गाडीत तो मांडीवर घेऊन बसलो. गावच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी ते दिलं. त्यानं कंबरेची हाडं दुखायची, पण ताप परत आला नाही.

केस गेले ते दुसऱ्या डोसच्या आधीच. उशीवर, फणीत, पेजेच्या वाटीतसुद्धा. एका सकाळी म्हणाली, "काढून टाका सगळे." पडवीत बसवून मशीननं काढले. आमच्या आईच्या पिढीत बाईचं डोकं बोडकं होणं म्हणजे काय, ते सांगायला नको. आई आत निघून गेली, दिवसभर सुनेकडे बघू शकली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून त्याचे चार चौकोन शिवले आणि हिच्या डोक्याला आपल्या हातानं बांधले.

चतुर्थी 7 सप्टेंबरला आली आणि तिसऱ्या डोसचा तो अकरावा दिवस. मुंबईची सगळी भावंडं येणार, पोरं खोकत उतरणार. मी आधीच सगळ्यांना फोन केले. कुणी एकानं रागानं फोन ठेवला, "गणपतीक येव नको म्हणतंस?" मी तसं म्हटलं नव्हतं. या, पण खोलीत जाऊ नका, एवढंच म्हटलं होतं. ही माजघराच्या दाराआडून आरती ऐकत होती. थोरल्या वहिनी रोज खिडकीबाहेर अंगणात खुर्ची टाकून तिच्याशी तासभर बोलत बसायच्या. त्या चार दिवसांत ती जितकी हसली तितकी आधीच्या दोन महिन्यांत हसली नव्हती. गावकऱ्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं, त्याचाही तिला धीर आला. एका नातेवाईकांनी झाडपाल्याची पूड आणली होती. ती मात्र डॉक्टरांना विचारून बाजूला ठेवली. यकृतावर आधीच औषधांचा भार आहे, असं ते म्हणाले.

पुढचे बारा डोस कोल्हापूरला घेतले, फोंडा घाटानं दर बुधवारी. मळमळ जवळजवळ थांबली. पण पाचव्या-सहाव्यापासून बोटांना मुंग्या, मग बधिरपणा. एकदा अंगणात चिऱ्याची धार लागून तळव्यातून रक्त आलं, ते जमिनीवर लाल ठसे दिसल्यावर तिला कळलं. तेव्हापासून घरातही चप्पल, आणि आंघोळीचं पाणी मी कोपर बुडवून बघायचो. हे मुंग्यांचं डॉक्टरांना लगेच सांगायला हवं होतं. "एवढंसं तर आहे" म्हणून ती बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. सांगितल्यावर त्यांनी डोस थोडा कमी केला. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, हे प्रत्येक ठिकाणी मीच आधी सांगत होतो.

ब्लाउजचे हुक तिला लागेनात. बोटांत हुक धरला आहे की नाही हेच समजायचं नाही. मग रोज सकाळी ती "अहो" म्हणून हाक मारायची, मी हातातलं काम टाकून आत जायचो, खालून वर एकेक हुक लावायचो. पहिले काही दिवस दोघंही गप्प असायचो. नंतर तिथेच दिवसाची बोलणी व्हायला लागली. दूध किती, पोराचा फोन आला का, आज रात्री झोप लागली का.

जानेवारीत शेक, म्हणजे रेडिएशन झालं, पंधरा वेळा. आता रात्री जेवणानंतर एक गोळी, ती पाच वर्षं तरी घ्यायची आहे. अंगातून गरम वाफा येतात, पंखा लावून बसते. दर तपासणीच्या आधीचा आठवडा दोघांनाही जड जातो. केस आले, आधी नव्हते तसे कुरळे.

गेल्या महिन्यात एका सकाळी हाक आली नाही. मी पडवीत थांबलो, मग आत गेलो. हुक लावून ती चुलीशी चहा ठेवत होती. वरचा एक राहिला होता. तो मी लावला.