दादाचा पाय आणि बोर्डाची तारीख

कृत्रिम पाय कायमचा नसतो. आमच्या घरी हे कळलं तेव्हा दादाला फौजेतून इंदूरला परत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पुण्याहून मिळालेला पाय सुरुवातीला इतका चपखल बसायचा की पँट घातल्यावर नवख्याला पत्ता लागत नसे. मग स्टम्प आटायला लागला. गुडघ्याखाली जे उरलंय त्याला डॉक्टर स्टम्प म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. तिथले स्नायू बारीक होत जातात, आणि सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची ज्यात स्टम्प बसतो ती वाटी, मात्र होती तेवढीच राहते. मधली पोकळी भरायला मोजे चढवावे लागतात. सकाळी एक पुरतो, संध्याकाळपर्यंत त्यावर आणखी दोन चढलेले असतात. मे महिन्यात घामाने लायनर, म्हणजे स्टम्पवर चढवायचं मऊ आवरण, आतल्या आत सरकतं, तेव्हा आडोसा शोधायचा, पाय काढायचा, पुसायचा, परत घालायचा. रात्री वहिनी हातआरसा धरते आणि दादा स्टम्पच्या मागच्या बाजूला लाल चट्टा उमटलाय का ते बघतो. चट्टा असला तर दुसऱ्या दिवशी कुबड्या. कातडी सोलली गेली असेल तर ती भरेपर्यंत पाय कोपऱ्यात उभा.

एवढं तपशिलात लिहितेय, कारण जखमी सैनिकाला सरकार काय देतं ही चर्चा दर वेळी रकमेपाशी येऊन थांबते. रक्कम मिळते. दादाला मिळाली, वेळेवर मिळाली. पण ही सगळी व्यवस्था एका तारखेभोवती बांधलेली आहे. फौजेच्या डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड बसतं, अपंगत्वाची टक्केवारी ठरते, माणूस ‘बोर्ड आउट’ होतो, म्हणजे अपंगत्वामुळे सेवेतून मोकळा केला जातो, आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, निघतो. शरीर तिथे थांबत नाही, आणि खरी मदत लागते ती त्या तारखेनंतर.

दादा इन्फन्ट्रीत होता. पूंछच्या बाजूला नियंत्रण रेषेवर गस्त घालताना सुरुंगावर पाय पडला. उधमपूरच्या कमांड हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आणि जखम भरल्यावर त्याला पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला पाठवलं. हे केंद्र 1944 सालचं. तिथे दादा दोन दांड्यांच्या मधून परत चालायला शिकला. आजूबाजूला त्याच्यासारखीच पोरं होती, कोणाचे दोन्ही पाय गेलेले. तिथल्या तंत्रज्ञांबद्दल मी कधीही चांगलंच बोलेन. प्लास्टरचं माप घेताना ते दादाला विचारायचे की घरी जिने किती, संडास कुठल्या पद्धतीचा, पूजेला खाली बसतोस का. नंतर खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो कॉम्प्युटर शिकला. पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी शिपायांसाठी 1917 मध्ये सुरू झालेली ही संस्था आजही जखमी जवानांना हाताला काम शिकवते. खडकीतच पाठीच्या कण्याला मार बसलेल्यांसाठी 1974 पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. थोडक्यात, जे आहे ते पुण्यात आहे.

आणि आम्ही इंदूरला. सॉकेट सैल झालं की रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची. सेंधव्याचा घाट, मग धुळं, आणि रात्रभर पाय लोंबकळत ठेवून स्टम्प सुजलेला. सुजलेल्या स्टम्पचं माप घेता येत नाही, म्हणून सूज उतरेपर्यंत तिथेच मुक्काम. दादा आता बँकेत नोकरीला आहे, तिथली रजा जाते ती वेगळीच. महू इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर. एवढी मोठी छावणी, मिलिटरी हॉस्पिटल. तिथे महिन्यातून एकदा पुण्याचा एखादा तंत्रज्ञ येऊन बसला, तर माळव्या-निमाडातल्या किती घरांचा हा फेरा वाचेल!

आता कागदांबद्दल. मी सीएच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे दादाची फाइल पहिल्यापासून माझ्याकडे. लढाईत जखमी झालेल्याला वॉर इंज्युरी पेन्शन मिळते, आणि ती साध्या डिसॅबिलिटी पेन्शनपेक्षा बरीच जास्त असते. म्हणजे जखम कशी झाली, हे पहिल्या काही दिवसांत युनिटने कागदावर काय लिहिलं यावर पुढचं सगळं आयुष्य अवलंबून. दादाच्या युनिटने बॅटल कॅज्युअल्टीचा, म्हणजे जखम लढाईतली असल्याचा, रिपोर्ट नीट केला, म्हणून आम्ही तरलो. त्याच्याच ओळखीच्या एकाला नोकरीत असताना फिट्स यायला लागल्या. बोर्डाने लिहिलं, आजाराचा सेवेशी संबंध नाही. अशा माणसांसाठी सुप्रीम कोर्टाचा 2013 सालचा धरमवीर सिंह निकाल फार मोलाचा ठरला. भरतीच्या वेळी धडधाकट होता आणि कागदावर कुठल्या आजाराची नोंद नव्हती, तर आजार सेवेमुळेच झाला असं धरून चालायचं, तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, असं कोर्टाने सांगितलं. तरीही त्या गड्याला जबलपूरला आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजेतल्या लोकांच्या दाव्यांसाठीचं न्यायाधिकरण, तिथपर्यंत जावं लागलं. ज्याला गर्दीत नीट उभं राहता येत नाही, त्याने वकील शोधायचा!

टक्केवारीचं एक सांगते, कारण अनेकांना ठाऊकच नसतं. बोर्डाने 50 पेक्षा कमी टक्के दिले असतील तर पेन्शन 50 टक्क्यांनी धरतात, 50 ते 75 असतील तर 75, त्यापुढे 100. आपला पीपीओ काढून एकदा ताडून बघा. आणि इन्कम टॅक्स: सेवेमुळे आलेल्या अपंगत्वापायी बोर्ड आउट झालेल्याची ही पेन्शन, सर्व्हिसचा भाग आणि अपंगत्वाचा भाग दोन्ही, करमुक्त आहे. 2019 च्या परिपत्रकात ते स्पष्ट लिहिलंय. आधी ज्या बँकेत दादाची पेन्शन यायची तिथे तरीही टीडीएस कापला गेला होता. मी रिटर्न भरून तो परत आणला. ज्याच्या घरात हे काम जाणणारं कोणी नाही त्याचे पैसे तसेच जात असतील, या विचाराने मला आजही राग येतो.

नोकरीच्या बाबतीत तर व्यवस्थेने जखमी माणसाचा विचारच केलेला नाही असं वाटतं. सरकारी बँका आणि कंपन्यांत ग्रुप सीच्या जागांमध्ये माजी सैनिकांना 14.5 टक्के आरक्षण आहे, त्यात 4.5 टक्के जखमी सैनिक आणि शहिदांच्या वारसांसाठी. पण क्लार्कच्या जागेला पदवी लागते. पंधरा वर्षं नोकरी केलेल्या मॅट्रिक पास फौजीला पदवीची अट लागू होत नाही. दादाचा पाय नवव्या वर्षी गेला. पंधरा वर्षं पुरी न होण्याचं कारण ती जखमच, आणि सवलत हुकली तीही त्याच कारणाने. त्याने इग्नूतून बीए केलं, रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीत बसून अभ्यास केला, परीक्षा दिली, लागला. त्याचा मला अभिमान आहे. पण ज्याला पुस्तकात गती नाही त्याचं काय?

लोक भेटले की दादाला मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देतात. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेला माणूस 1972 ला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणतो. पेटकर फार मोठे, त्यांना पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं हे मात्र मनाला लागतं. तरी मला वाटतं, जखमी सैनिकाने पदकच आणावं असं नाही. सकाळी डबा घेऊन बँकेत जावं, संध्याकाळी पोरीला घेऊन छप्पन दुकानला जावं, एवढं साधं आयुष्य त्याला विनासायास मिळालं पाहिजे.

गल्लीतला एक मुलगा अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांपुरत्या भरतीवर, फौजेत गेलाय. त्याच्या आईने परवा मला विचारलं, “ताई, आमच्या पोराला काही झालं तर?” मी तिला नियम वाचून दाखवला. सेवेमुळे शंभर टक्के अपंगत्व आलं तर 44 लाख, 75 ला 25 लाख, 50 ला 15 लाख. चार वर्षांतल्या उरलेल्या काळाचा पगार आणि सेवानिधी, म्हणजे शेवटी मिळणारी एकरकमी रक्कम, हेही मिळतं. मात्र पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड नाही. ती म्हणाली, “पंधरा लाख म्हणजे पुष्कळ झाले की.” मी तिला वर नेलं आणि दादाचं कपाट उघडून दाखवलं. जुनी सॉकेटं, फाटलेली लायनरं, मोज्यांचा ढीग. विशीतल्या पोराला हे सगळं साठ वर्षं लागेल. प्रशिक्षणात जायबंदी झालेल्या ऑफिसर कॅडेट्सची, म्हणजे अधिकारी व्हायला शिकणाऱ्या पोरांची, अशीच उपेक्षा होत होती. 2025 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्यात त्यांना ईसीएचएस मिळालं. अग्निवीरांसाठी कोणी कोर्टात जायची वाट कशाला बघायची? उपचार आणि कृत्रिम अवयव आयुष्यभर सरकारकडून, एवढं तरी आजच लिहून द्यावं.

तोवर, ज्यांच्या घरचं कोणी फौजेत आहे त्यांनी इंज्युरी रिपोर्ट, बोर्डाचे कागद, डिस्चार्ज बुक आणि पीपीओ यांच्या प्रती घरी ठेवा, आणि मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. इंदूर-महूकडच्या कोणाला पेन्शनचा हिशेब ताडून हवा असेल, तर रविवारी मी घरीच असते. कागद घेऊन या.